जेवणानंतरचा एक तास

चिखली,
९ जानेवारी २०२५

चि. हर्षालीस,

तू माझा नंबर ब्लॉक केलास असं ज्ञानेश म्हणाला. कर बाई. कागदाला काही ब्लॉक करता येत नाही, आणि माझा लेक कंपनीची बस घेऊन रोज सकाळी तुझ्या बापाच्या दारावरूनच चाकणला जातो. तेव्हा हे पत्र तुला मिळणार. फाडायच्या आधी तू वाचणार, हेही मला माहीत आहे.

सोमवारी मी वर्कशॉपमधून आले तर घराला कुलूप, चावी शेजारणीकडे आणि चिठ्ठी एका ओळीची: ‘मी गावी जाते.’ तीन वर्षं माझ्या घरात राहून पॉलिटेक्निक केलंस, पोटच्या पोरीसारखी वागवली, आणि जाताना आत्याला एक ओळ.

मी काय गुन्हा केला ते तरी कळू दे. दिवाळीपासून तू जेवलीस की दहा मिनिटांत बाथरूममध्ये. नळ मोठा सोडायचीस, पण मी बहिरी नाही. बासष्ट किलोची पोर सत्तेचाळीसवर आली. मी तुला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी समुपदेशन करणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. दोघांनी एकच सांगितलं, ईटिंग डिसऑर्डर. बारीक होण्याच्या नादात खायचं आणि ओकून टाकायचं, मनाचा आजार. जेवल्यावर तासभर तिला एकटी सोडू नका, असं मॅडम म्हणाल्या. नाही सोडलं मी. बाथरूमला तासभर कुलूप लावलं, तुला डाव्या कुशीवर झोपवलं आणि उशाशी बसून राहिले. माझी सासू म्हणायची, जेवून डाव्या कुशीवर पडलं की अन्न पोटात मुरतं. दुपारच्या सुट्टीत सगळ्याजणी डबा खायच्या तेव्हा मी तुझ्यासाठी धावत घरी यायचे.

त्याचं हे फळ. परीक्षा तीन महिन्यांवर आली आहे. रविवारी ज्ञानेशबरोबर मुकाट्याने परत ये.

तुझी,
सुमनआत्या


१३ जानेवारी २०२५

आत्या,

पत्राच्या वर नमस्कार लिहायचा असतो, म्हणून नमस्कार. उद्या संक्रांत. उद्या गोड बोलावं लागेल, म्हणून आजच लिहून टाकते.

मी परत येणार नाही.

घास उतरत नाही हे मी तुला किती वेळा सांगितलं? इथे, छातीच्या मधोमध अडकतो. मग तांब्याभर पाणी प्यायचं, उभं राहायचं, हात वर करायचे, जागेवर उड्या मारायच्या. कधी उतरतो, कधी आला तसा परत येतो. मी घशात बोट घालत नाही. एकदाही घातलं नाही. हे मी तुला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, त्या मॅडमना सांगितलं. मॅडम मान हलवून म्हणाल्या, ‘या आजारात मुली असंच सांगतात.’ यावर मी काय बोलायचं? नाही म्हटलं तर आजार, हो म्हटलं तर आजार.

आणि तुझा तो एक तास. तू झोपवलंस की खाल्लेलं सगळं वर यायचं. तू उशाशी, बाथरूमला कुलूप. गिळावं तर उतरत नाही, थुंकावं तर तू ओरडणार. मी ते तोंडात धरून तासभर पडून राहायचे आत्या. तू मोबाइलवर भजनं लावायचीस आणि माझ्या केसांवरून हात फिरवायचीस. त्या हाताचा मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कशाचा आला नाही. सकाळी उशीवर भाताची शितं असायची. ती तू पाहिलीस, उशीचा अभ्रा धुतलास, आणि मला म्हणालीस, ‘अन्नाची नासाडी.’

तुमच्या वर्कशॉपमध्ये एखाद्या पार्टला लाल टॅग लागला की तो रिजेक्टच्या पेटीत जातो, मग तो पुन्हा कोणी मोजत नाही. हे तूच सांगायचीस, मोठ्या अभिमानाने. मला तू नोव्हेंबरात टॅग लावलास.

इथेही सुख नाही. अण्णा म्हणतात, ‘ताई म्हनली म्हंजी झालं. तिला काय खूळ लागलंय व्हय?’ तू त्यांची मोठी बहीण, तुझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. दुसऱ्या डॉक्टरकडे न्या म्हटलं तर म्हणतात, आधी नीट जेव. आई गुपचूप ताकात भाकरी कुस्करून देते, तेवढी जाते. मला कोणीतरी एकदा खरं मानावं, एवढंच हवं आहे. त्यासाठी मरावं लागणार असेल तर तसं सांग.

हर्षाली


चिखली,
१६ जानेवारी २०२५

हर्षाली,

चोराच्या उलट्या बोंबा. मरायच्या गोष्टी मला लिहू नकोस, मी घाबरणारी बाई नाही.

आता मी विचारते, तू उत्तर दे. पहिल्या वर्षाला होतीस तेव्हा तीन महिने रात्रीचं जेवण कोणी सोडलं होतं? कॉलेजातल्या पोरांनी ‘ड्रम’ म्हटलं म्हणून काकडीवर कोण राहिलं होतं? मीच तुला धाक देऊन ताटावर बसवली होती. मग आता मी काय समजायचं?

तुझ्या दप्तरात वही सापडली. ‘चपाती दोनदा. भात मधेच. खीर बरी.’ असलं रोजचं लिहून ठेवणारी मुलगी जेवणाचा हिशोब मांडत नाही तर काय करते? जेवल्यावर उड्या मारतेस, म्हणे घास उतरायला. उड्या मारून चरबी उतरते हे मलाही कळतं. शेजारच्या सायलीच्या लग्नात तुझा ब्लाऊज दोनदा आत घ्यावा लागला आणि तू आरशासमोरून हलत नव्हतीस. सगळ्या बायका ‘काय छान बारीक झालीस गं’ म्हणाल्या तेव्हा तुझ्या चेहऱ्यावरचं हसू मी पाहिलंय.

डॉक्टर काय भजी तळायला बसलेत? रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल. पंचवीस वर्षं मी तपासणीच्या टेबलावर काढली. सगळी मापं बरोबर आली की दोष दुसरीकडे असतो. तुझा दोष डोक्यात आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं मॅडमच म्हणाल्या. मग एवढं नाकाला मिरच्या झोंबायला काय झालं?

बबनला मी फोन केलाय. तो तुला ताक-भाकरीवर राहू देणार नाही.

सुमनआत्या


२० जानेवारी २०२५

आत्या,

तू फोन केलास आणि त्या दिवशी अण्णांनी समोर बसून मला दोन चपात्या खायला लावल्या. त्या तशाच वर आल्या, अंगणात जाऊन मी गोठ्याजवळ थुंकल्या. आता अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. जमलं का तुझ्या मनासारखं?

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. एकही लपवत नाही.

हो, पहिल्या वर्षी मी जेवण सोडलं होतं. हो, सायलीच्या लग्नात मी खूश होते. आणखी एक तुला माहीत नसलेलं सांगते. घास अडकायला लागला तो जूनमध्ये. मी कोणालाच बोलले नाही, कारण वजन उतरत होतं. न मागता मिळालं म्हणून मी चार महिने गप्प राहिले. जन्मात पहिल्यांदा मला कोणी ‘ड्रम’ म्हणत नव्हतं. ही माझी चूक आहे, आणि यामुळे डॉक्टर फसले असतील तर मी त्यांना फार बोल लावणार नाही. पण हसले म्हणून मी ते घडवून आणलं असं होतं का? पाऊस आला की शेतकरी हसतो, म्हणून काय पाऊस त्याने पाडला?

वहीत मी काय उतरतं आणि काय अडकतं ते लिहीत होते. डॉक्टरांना दाखवायला. ती तू त्यांना दाखवलीस, पण ‘हिशोब’ म्हणून.

आता माझे दोन प्रश्न.

माझ्याबरोबर शिकणाऱ्या पुनमची मावशी दवाखान्यात सिस्टर आहे. तिने फोनवर विचारलं, परत येतं ते आंबट असतं का? पोटातून ओकलेलं आंबट-कडू असतं. माझं तसं नसतं. जसा घास गेला तसाच येतो, भाताला भाताची चव असते. म्हणजे ते पोटापर्यंत पोचतच नाही. आत्या, बेसिन तू धुवायचीस. तुला कधी आंबट वास आला?

दुसरं. नोव्हेंबरच्या शेवटी डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं आणि तुला आत थांबवून घेतलं. दहा मिनिटं. काय म्हणाले ते?

हर्षाली


चिखली,
२४ जानेवारी २०२५

हर्षालीस,

वर्कशॉपमध्ये ऑडिट आहे, जास्त लिहायला वेळ नाही.

डॉक्टर काही विशेष बोलले नाहीत. काळजी घ्या म्हणाले. वासाचं माझ्या लक्षात नाही.

परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख निघून जाईल. निदान फॉर्म तरी भर. तुझ्यासाठी मुगाचे लाडू ज्ञानेशबरोबर पाठवले आहेत, पातळ दुधात कालवून घे.

आत्या


पिंपरी,
२१ फेब्रुवारी २०२५

आत्या,

महिनाभर मी लिहिलं नाही, कारण मी मरत होते. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. तू घाबरणारी बाई नाहीस.

४ तारखेला ताप चढला. ६ तारखेला श्वास लागला. अण्णांनी टेम्पोत गादी टाकून मला पिंपरीला आणलं, मोठ्या दवाखान्यात. उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया. इथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘आडवं पडल्यावर तोंडात अन्न येतं का?’ मी रडायलाच लागले. आठ महिन्यांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

अन्न वर येत होतं आणि झोपेत थोडं थोडं श्वासनळीत उतरत होतं. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आत्या डाव्या कुशीवर झोपवायची तेव्हापासून खोकला आहे. त्यांनी ते लिहून घेतलं. तुझ्या त्या मॅडमनी काय सांगितलं होतं? तासभर सोबत बसा, गप्पा मारा. कुलूप आणि कूस तुझी.

ताप उतरल्यावर त्यांनी मला पांढरं पातळ औषध पाजलं आणि एक्स-रेच्या पडद्यावर मलाच दाखवलं. माझी अन्ननळी वर फुगलेली होती आणि खाली निमुळती होत होत सुतासारखी बारीक. औषध तिथे जाऊन थांबलं, हललंच नाही. ॲकॅलेशिया म्हणतात याला. अन्ननळी आणि पोट यांच्यामधलं दार उघडतच नाही. रक्तात दिसत नाही, थायरॉईडमध्ये दिसत नाही, सोनोग्राफीत दिसत नाही. तुझी सगळी मापं बरोबर येणारच होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तरण्या मुली, वजन घटलेलं, जेवण परत येतं, म्हणून पुष्कळजणी आधी मानसिक म्हणूनच फिरत राहतात.

इथपर्यंत मी तुला माफ करायला तयार होते. खरंच. पडद्यावर ते पाहिलं तेव्हा मनात पहिलं आलं की आत्याला बोलवावं आणि दाखवावं.

मग जुने कागद लागले. पुनम तुमच्या त्या डॉक्टरांकडे गेली आणि माझ्या फाइलची नक्कल घेऊन आली. २८ नोव्हेंबर. ‘अन्ननळीची बेरियम तपासणी सुचवली. नातेवाइकांचा नकार.’ बेरियम म्हणजे हेच, पांढरं औषध पाजून एक्स-रे. आणि खाली सही. सुमन जयसिंग टिळेकर.

अडीच महिने. तू सही केलीस, घरी आलीस, कुलूप आणलंस आणि माझ्या उशाशी बसलीस. मी विचारलं तेव्हा ‘काही विशेष बोलले नाहीत’ असं लिहिलंस. ऑडिट होतं तुझं.

अण्णांना हा कागद मी अजून दाखवलेला नाही. का दाखवला नाही ते मलाही कळत नाही. का केलंस, हे तू लिहावंस म्हणून असेल. लाडू पाठवू नकोस. कारण पाठव.

हर्षाली


चिखली,
२६ फेब्रुवारी २०२५

हर्षाली,

कारण पाठवते. ते वाचून तुझा राग कमी होणार नाही, आणि व्हावा म्हणून मी लिहीतही नाही.

तुझे मामा, ज्ञानेशचे वडील, गेले तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. तंबाखूने गेले एवढंच तुला माहीत. सुरुवात कशी झाली ते मी कोणालाच सांगितलं नाही. एके दिवशी ताटावर बसले आणि म्हणाले, सुमे, भाकरी अडकतीय गं. मी म्हटलं, पाणी प्या. मग भाकरी सुटली, भातावर आले. मग आमटीवर. मग आमटीही नाही. अन्ननळीचा कॅन्सर. सात महिन्यांत माझ्या हातात काडी उरली होती. शेवटी चमच्याने पाणी घालायचे तर ते ओठांच्या कडेने खाली यायचं.

तू पहिल्यांदा ‘अडकतं’ म्हणालीस, त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. मी न कळल्यासारखं केलं. आंबट वास येत नव्हता. पहिल्या दिवसापासून येत नव्हता, आणि माझं लक्ष होतं. मामांच्या वेळीही येत नव्हता.

मग डॉक्टर म्हणाले, मानसिक आहे. हर्षाली, मला हायसं वाटलं. देवापुढे साखर ठेवली मी. मनाचा आजार म्हणजे धाक दाखवता येतो, पहारा ठेवता येतो, समजूत घालता येते. नळीला काय धाक दाखवणार? आणि त्या २८ तारखेला त्यांनी मला थांबवून घेतलं आणि म्हणाले, तरी खात्रीसाठी अन्ननळीची एक तपासणी करून घेऊ. तपासणी केली की मामांचंच दुखणं निघणार, असंच मला वाटलं. नाही केली तर निघणार नाही. मी म्हटलं, नको, पोर घाबरेल. त्यांनी सही मागितली, मी केली. घाबरले होते मी, तू नव्हतीस.

पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे दोष शोधून काढले आणि घरातला दोष दिसत असून मी त्याच्यावर पांघरूण घातलं. तुझ्या तोंडात घास होता आणि मी भजनं लावत होते, हे तू लिहिलंस तेव्हापासून मी डबा न उघडताच परत आणते रोज.

बबनला कागद दाखव. मी अडवणार नाही.

आत्या


२ एप्रिल २०२५

आत्या,

तुझं पत्र दवाखान्यात वाचलं आणि फेकून दिलं. पुनमने उचलून ठेवलं होतं. अण्णांना तो सहीचा कागद अजूनही दाखवलेला नाही. परवा पुन्हा वाचलं. मामांचं वाईट वाटलं. तुझं वाटलं नाही. तू घाबरलीस म्हणून मी फुप्फुसं का नासवून घ्यायची? तुझी भीती तू माझ्या अंगावर टाकलीस आणि वर तिला माया म्हणालीस. हे मी कितीही वेळा वाचलं तरी मला असंच दिसतं.

ऑपरेशन १२ मार्चला झालं. तोंडातूनच दुर्बीण घालून त्यांनी ते आवळलेलं स्नायूचं दार कापून मोकळं केलं. आता पाणी जातं, भात जातो, मऊ चपातीही जाते. पुन्हा पांढरं औषध पाजून पाहिलं, सरळ खाली गेलं. सगळे खूश. अण्णांनी दवाखान्यात पेढे वाटले.

आता जे लिहिते ते फक्त तुला लिहिते. कोणाला सांगावं हे शोधून शोधून मी तुझ्यापाशी येऊन थांबले, याचाही मला राग आहे.

मी जेवू शकत नाही.

नळी मोकळी आहे. अडकत काहीच नाही. पण ताट समोर आलं की माझा हात उठत नाही. कोणी समोर बसलं की मी ताट दूर सारते. दाराची कडी वाजली की अंगावर काटा येतो. काल दिवसभरात मी अर्धी वाटी पेज आणि दोन बिस्किटं खाल्ली आणि बाकीचं आईच्या नकळत टाकून दिलं. टाकून दिलं, आत्या. आता मी खरंच लपवते. वजन एक्केचाळीस आहे. आणि सगळ्यात घाण गोष्ट अशी की काट्यावरचा आकडा पाहून मनात कुठेतरी बरं वाटतं. ती पहिल्या वर्षाची मुलगी परत आली आहे.

डॉक्टरीणबाईंना संशय आलाय. त्या म्हणाल्या, आजार एक निघाला म्हणून दुसरा नसतोच असं नाही, आणि इतके महिने जेवण म्हणजे शिक्षा झाली की हे होतं. त्यांनी मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव दिलंय. ज्या आजाराच्या नावावरून मी सगळ्यांशी भांडले, तेच नाव आता मला खरंच लागणार. आता मी कोणत्या तोंडाने सांगू? अण्णा रोज म्हणतात, ‘आता नळी मोकळी हाय न्हवं? मंग आता कसले नखरे?’ मी म्हटलं की मला मनाचा त्रास आहे, तर ते म्हणतील, ताई आधीपासून हेच म्हणत हुती. म्हणजे तू बरोबर, मी खोटी, आणि ते दवाखान्यातले सहा आठवडे गेले कुठल्या कुठे.

‘मी म्हणत होते’ असा एक शब्द जरी तू लिहिलास तर हे आपलं शेवटचं पत्र.

हर्षाली


चिखली,
६ एप्रिल २०२५

चि. हर्षालीस,

मी म्हणत होते ते चूक होतं. तेव्हाही चूक होतं आणि आज तुला जे झालंय ते माझ्यामुळे झालंय. म्हणून मी म्हणत होते ते खरं ठरत नाही.

सोबत बबनला लिहिलेलं पत्र जोडते. पाकीट उघडं आहे. आधी तू वाच. द्यावंसं वाटलं तर त्याला दे, नाहीतर चुलीत घाल.

आत्या


(जोडपत्र)

बबन,

तुझ्या मुलीची जी तपासणी नोव्हेंबरात व्हायला हवी होती तिला मी सही करून नकार दिला. तुला कळवलं नाही. ती तपासणी झाली असती तर तिला न्यूमोनिया झाला नसता. कागद हर्षालीकडे आहे, तिने तो दीड महिना तुझ्यापासून लपवला, मला वाचवायला. तिने मला वाचवावं असं मी काहीच केलं नव्हतं.

दुसरं. तिची नळी मोकळी झाली पण जेवणाची भीती बसली आहे. ही भीती मी बसवली. बाथरूमला कुलूप लावून, तोंडात घास असताना झोपवून. कुत्र्याला ताटावरून हाकललं तर तेही चार दिवस ताटाकडे फिरकत नाही, ही तर माणसाची पोर. याला नखरे म्हणशील तर तुझ्यात आणि माझ्यात फरक नाही. तिला डॉक्टर लागणार, तेही मनाचेच. तू ‘ताई आधीपासून हेच म्हणत हुती’ असं कोणापुढे बोललास तर मी गावात येऊन चारचौघांत सांगेन की ताई खोटं बोलत होती.

ती जेवताना समोर बसू नकोस. किती खाल्लं विचारू नकोस. लहानपणी आई आपल्याला जेवताना कोंबड्यांच्या गोष्टी सांगायची तसलं काहीतरी बोल, नाहीतर गप्प बस. गप्प बसायला तुला जमतं.

तुझी ताई,
सुमन


११ एप्रिल २०२५

आत्या,

पत्र मी अण्णांना दिलं. अंगणात बसून त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि कांद्याच्या गाडीबरोबर चाकणला गेले. दोन दिवस उजाडायच्या आत शेतात जायचे आणि अंधार पडल्यावर घरी यायचे. मला वाटलं, तुझ्यावर चिडलेत. काल संध्याकाळी मी पेजेची वाटी घेऊन बसले तेव्हा ते आले आणि माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसले. बैलांच्या बाजारात त्यांना एकदा कसं फसवलं ते सांगत राहिले. गोष्टीत काही दम नव्हता. सांगून झाल्यावर मागे न बघताच म्हणाले, ‘मी दोन चपात्या खायाला लावल्या व्हत्या तुला.’ वाटी संपली नाही, पण टाकलीही नाही, झाकून ठेवली.

तुला मी माफ केलेलं नाही. करेन की नाही ते माहीत नाही, आणि तू ते विचारायचंही नाही. ब्लॉक मी काढणार नाही, जे असेल ते लिही.

मंगळवारी १५ तारखेला पिंपरीला त्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पहिली वेळ मिळाली आहे. सकाळी साडेनऊ. सुरुवातीपासूनचं सगळं ज्यांनी पाहिलंय असं घरातलं माणूस आणा, असं त्यांनी सांगितलंय. आईने काही पाहिलं नाही. अण्णांना सांगता येणार नाही. राहिलीस तू.

तेव्हा अर्धा दिवस रजा टाक. मी बोलत असताना मधे बोलायचं नाही. तुला विचारतील तेव्हा सगळं खरं सांगायचं, सहीचं, कुलपाचं, आणि सायलीच्या लग्नात मी आरशासमोर हसत होते तेही. माझ्या बाजूने म्हणून काही गाळायचं नाही.

साडेनऊच्या आधी पोच. उशीर केलास तर मी एकटी आत जाईन, आणि मला एकटीला जायचं नाहीये.

हर्षाली